ती पहिली आवृत्ती नव्हती

दादा,

पवनीच्या तुझ्या घरात आम्ही दोघी, मी आणि वहिनी, दिवसाढवळ्या दाराला आतून कडी लावून बसतो. आज सकाळी फाटकासमोर मोटारसायकल थांबली आणि वहिनीच्या हातातलं सूप सुटलं. तांदूळ घरभर झाले. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं तर सिलिंडरवाला होता. दार उघडायला या बायांना इतका वेळ का लागला आणि उघडल्यावर त्या इतक्या का हसल्या, याचं त्यालाही नवल वाटलं असेल.

तू असतास तर म्हणाला असतास, "सिलिंडरवाल्याले भेतेस बेबी, अन् सिलिंडरले भेत नाहीस? स्फोट तं त्याचा होते."

मी पन्नाशी ओलांडली, तहसील कार्यालयात कारकुनी करते, तरी तुझ्या तोंडी मी शेवटपर्यंत बेबीच राहिले. आता तशी हाक मारणारं कुणी नाही. परवा वहिनीनं चुकून तशी हाक मारली आणि लगेच चहा ठेवायला उठली.

तू गेल्याची बातमी पेपरात आली. त्यात तुझी शाळा होती, विज्ञान शिक्षक म्हणून केलेली सेवा होती, मागे कोण कोण आहे ते होतं. पण तुझ्या या खोलीबद्दल एक ओळ नव्हती. भिंतीभर कपाटं आणि कपाटांत जुनी मराठी विज्ञानाची पुस्तकं. तारे, साप, देवीची लस, आगगाडीचं इंजिन, माणसाचं शरीर, मधमाश्या. साध्या माणसाला कळावं म्हणून कुणी कुणी, कुठं कुठं बसून लिहिलेली. तुला त्यांची पहिली आवृत्ती हवी असायची. दुसरी आवृत्ती फुकट दिली तरी तू आधी तोंड वाकडं करायचास आणि मग हळूच पिशवीत टाकायचास.

पुस्तक हातात आलं की तू त्याचं मुखपृष्ठ बघायचाच नाहीस. "मुखपृष्ठ म्हणजे नवरदेव," म्हणायचास. "त्याले सजवूनच आणतेत. घरची खरी हालत पाहाची असंन तं मागच्या दारानं जा." तुझं मागचं दार म्हणजे शीर्षकाच्या पानाची पाठ. छापखाना कोणता, साल कोणतं, कितवी आवृत्ती, हे तिथं बारीक अक्षरात असतं. तिथं काही नसलं तर तू प्रस्तावनेखालची तारीख बघायचास. मग शेवटच्या पानावरची जाहिरात. पुस्तक निघाल्यावर काही वर्षांनी आलेल्या दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात त्यात सापडली, तर पहिल्या आवृत्तीची बात संपली. किंमत आण्यांत आहे की नव्या पैशांत, तेही बघायचास. मला हे सगळं तू इतक्या वेळा सांगितलंस की कुणाच्या घरी लग्नपत्रिका हातात आली तरी मी आधी तिच्या पाठीवर छापखान्याचं नाव शोधते.

एकदाच मी तुला पकडलं होतं. तू नागपूरच्या रद्दीच्या दुकानातून शरीरावरचं एक पुस्तक आणलंस. आण्यांच्या काळातली पहिली आवृत्ती म्हणून तू इतका खूश होतास की वहिनीला लाखोळीच्या डाळीचे वडे करायला लावलेस. मी वडा खाता खाता प्रकाशकाचा पत्ता वाचला आणि विचारलं, "दादा, तवा पिनकोड होता काय?" तू चष्मा काढलास, सदऱ्याला पुसलास, परत घातलास. जुनंच पुस्तक, किती तरी वर्षांनी जसंच्या तसं पुन्हा छापलेलं. मला वाटलं, तू चिडशील. तू हसत सुटलास. पुढं कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत होतास, "माह्या बहिणीनं मले पकडलं ना बाप्पा. पत्ते वाचू वाचू तहसीलवाल्यायचे डोळे तयार होतेत."

ते हसणं मला आठवायचं आहे. पण आठवायला बसलं की त्याच्या आधी दुसरंच येतं, भंडाऱ्याच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांची ती खोली येते. म्हणून तिथवर एकदा नीट चालत जाते, तुझ्यासोबत.

तू या पुस्तकांच्या मागं का लागलास, ते लोकांना माहीत नव्हतं. छंद आहे मास्तरचा, एवढंच म्हणायचे. ते एका पुस्तकापायी होतं. आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाळामास्तरानं फार पूर्वी धूमकेतूवर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. आकाशात शेपटीचा तारा दिसला म्हणजे संकट येत नाही, तो सूर्याभोवती फिरणारा एक गोळा आहे, असं समजावून सांगणारं. त्यात एक प्रकरण आपल्या बाबांच्या आत्याचं होतं, तानाआत्याचं. तो तारा दिसला त्या साली गावात पटकीची साथ आली. लोक घाबरले आणि घाबरलेल्या लोकांना कुणीतरी हवं असतं. त्यांना आपल्या वस्तीतली एकटी राहणारी बाई सापडली. तिनंच तारा बोलावला म्हणून तिला गावाबाहेर हाकललं. ती परत दिसली नाही. मास्तरानं हे सगळं लिहिलं आणि हाकलणाऱ्या गावपुढाऱ्यांची नावंही लिहिली.

बाबांकडे त्या पुस्तकाची प्रत होती. धम्मदीक्षेनंतर घरातल्या पाटावरचे देव उठले, तेव्हा त्या पाटावर जी दोनचार पुस्तकं आली त्यांत ते होतं. बाबा ते प्रकरण मोठ्यानं वाचायचे. मला शब्द आठवत नाहीत, त्यांचा आवाज आठवतो आणि वाचता वाचता ते थांबायचे ते आठवतं. मग वैनगंगेच्या एका पुरात ते गेलं. पुस्तकही, पाटही.

मोठेपणी तुला भंडाऱ्यात त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती मिळाली. तू ती छातीशी धरून आणलीस आणि ओसरीत बसून उघडलीस. तानाआत्याचं प्रकरण त्यात नव्हतंच. तू पानं मागं-पुढं केलीस. तुझा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा तसा उतरलेला पाहिला. "बेबी," तू म्हणालास, "बाबा काय वाचत होते मंग? आपण दोघंही खोटं आठवून राहिलो काय?"

त्या दिवसापासून तुला पहिली आवृत्ती हवी होती. बाकीची सगळी पुस्तकं त्या वाटेवर गोळा झाली.

ज्या छापखान्यात ते पुस्तक छापलं गेलं, तो अध्यक्षसाहेबांच्या आजोबांचा. आजोबांनी गावपुढाऱ्यांच्या दबावाखाली दुसऱ्या आवृत्तीतून ते प्रकरण काढलं, असं जुनी माणसं कुजबुजायची. अध्यक्षसाहेबांना ते खुपायचं. त्यांची मोठी शिक्षणसंस्था, कॉलेज, राजकारणात उठबस. आणि त्याच कॉलेजात माझी प्राजक्ता तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. शिकवायची, म्हणायला हवं आता.

यंदा त्यांच्या ग्रंथालयाचं जुन्या पुस्तकांचं प्रदर्शन ठरलं. त्यांनी तुला निरोप पाठवला, की धूमकेतूच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती आमच्या घरात निघाली आहे, तिच्यात असलं कुठलंही प्रकरण नाही, तुम्ही जिल्ह्यातले जाणकार, उद्घाटनाला व्यासपीठावरून तेवढं लोकांना सांगा.

तू मला फोन केलास तेव्हा तुझा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "निघाली म्हणते बेबी! मी चुकलो असलो तं चुकलो. पण पाहाले तं भेटंन." मी लाखनीहून भंडाऱ्याला आले, तू पवनीहून आलास.

खोली मोठी होती. थंड होती. अध्यक्षसाहेबांनी स्वतः पुस्तक पुढं केलं, मखमली कापडावर ठेवून. तू हात पुसलेस. पहिल्यांदाच मी तुला मुखपृष्ठाकडं बघताना पाहिलं. मग तू शीर्षकाचं पान उघडलंस आणि तुझे डोळे भरले. त्या पानाच्या पाठीवर लिहिलं होतं, प्रथमावृत्ती. साल बरोबर होतं, छापखाना बरोबर होता.

मग तू पान परत उलटलंस. पुन्हा मागं आलास. बोटाच्या टोकानं काहीतरी चाचपलंस.

किड्यानं पुस्तकाला भोक पाडलं होतं. पुठ्ठ्यातून आत गेलेलं, तांदळाच्या कणीएवढं. पुठ्ठ्याला भोक, आतल्या कोऱ्या पानाला भोक, पुढं प्रस्तावनेला भोक, त्याच जागी, सरळ रेषेत. मधल्या शीर्षकाच्या पानाला मात्र भोक नव्हतं. तू ते पान खिडकीकडं धरलंस. कडेला बारीक पट्टी चिकटवलेली दिसली.

"साहेब," तू हळू म्हणालास, "किडा पानं मोजत नाही. एक पान सोडून पुढं जात नाही तो."

"म्हणजे?"

"म्हणजे हे पान या पुस्तकाचं नाही. पान पहिल्या आवृत्तीचं आहे, पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचं. मागच्या जाहिरातीत पाहा, त्यात नंतर निघालेल्या पुस्तकाचं नाव आहे."

अध्यक्षसाहेब हसले. त्यांचा आवाज जराही चढला नाही, दादा, त्याचीच मला जास्त भीती वाटली. ते म्हणाले, "मास्तर, पंख्याखाली बसणारे लोक किड्याचं भोक पाहत नाहीत. ते तुमच्या तोंडाकडे पाहतील. तुम्ही म्हणाल ते खरं."

"म्हणूनच तं म्हणता येत नाही साहेब."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तोवर त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नव्हतं. "ताई, प्राजक्ता मॅडम तुमच्याच ना? चांगलं शिकवतात म्हणतात. पुढल्या सत्राचं अजून ठरायचं आहे." एवढंच. मग चहा आला. तू चहा पूर्ण प्यायलास. माझ्या कपाला हात लावायचं धैर्य मला झालं नाही.

बाहेर आल्यावर तू मला म्हणालास, "पान खरं आहे बेबी. म्हणजे खरी पहिली आवृत्ती कोणाच्या तरी हातात होती. तिचं मुंडकं कापून या धडावर बसवलं. अन् तिचं धड कुठं टाकलं असंन?" तुझ्या डोक्यात फक्त ते पुस्तक होतं. मला माझी पोरगी दिसत होती.

बसस्टँडवर लाखनीची गाडी लागली होती. मी ती सोडली. आपण त्या बाकावर बसून भांडलो, आठवतं? शेजारी एक बाई संत्री सोलत होती आणि ऐकत होती.

"म्हणून टाक ना दादा," मी म्हणाले. "पहिली आहे म्हण. एका पुस्तकानं कोणाचं काय जाते?"

"तानाआत्या जाते. एकदा गावातून गेली, आता पुस्तकातूनही जाईन."

"आत्या तं केव्हाच गेली! प्राजक्ता आहे. जिवंत आहे, तिले उद्या वर्गात उभं राहाचं आहे."

तू माझ्याकडं बघत राहिलास. तोंड उघडलंस आणि तेवढ्यात पवनीची गाडी आली, माणसं धावली. तू चढलास, खिडकीतून ओरडलास, "येत्या इतवारी ये, मंग भांडू." गाडी निघाली.

दादा, तुझं उत्तर काय होतं? मला अजून हवं आहे ते. मी चुकले होते असं मी आजही म्हणणार नाही. जिवंत पोरीच्या आईनं दुसरं काय म्हणायचं? तूही चुकला नव्हतास. दोघंही बरोबर असलेलं भांडण असं अर्ध्यात सोडून कुणी जातं का?

त्या रविवारी मी आले नाही, कारण त्या आठवड्यात सगळं सुरू झालं. कार्यालयात माझ्या खिडकीशी एक अनोळखी माणूस आला. हातात अर्ज नव्हता. खिडकीच्या गजांना धरून उभा राहिला, म्हणाला, "मास्तरले समजवा," आणि गेला. मागं रांगेतल्या माणसानं सातबारा पुढं केला आणि मला त्यावरचं नाव वाचता येईना. प्राजक्ताचे निम्मे तास काढून दुसऱ्याला दिले. कारण विचारलं तर विभागातलं कुणी तिच्याकडं बघेना. घरच्या फोनवर कुणी नुसतं श्वास घेत राहायचं. लाखनीत आमच्या दारापुढून हायवेचे ट्रक रात्रंदिवस जातात, त्यांच्या आवाजानं मला कधी काही झालं नव्हतं. आता एखादा ट्रक हळू झाला तरी मी उठून उभी राहू लागले.

मी तुला रोज फोन करायचे. "दादा, तुले काही फोन येतेत काय?"

"येतेत ना. गॅसवाल्याचा, बँकवाल्याचा."

"तुले भेव नाही वाटत?"

"कायचं भेव? किड्याच्या भोकाचं?" आणि तू हसायचास.

मला त्या हसण्याचा राग यायचा. वाटायचं, मूल नाही याला, म्हणून सुचतं. हा शहाणा, निर्भय, तत्त्वाचा, आणि त्याच्या तत्त्वाचं ओझं माझ्या पोरीच्या डोक्यावर. हे मी तुला कधी बोलले नाही. प्रत्येक वेळी ओठावर आलं आणि फोन ठेवला.

मग वहिनीचा फोन आला. तू सकाळी अंगणात खुर्चीवर चहा पीत बसला होतास, वहिनी दूध घेऊन आत गेली, परत आली तेव्हा तू मान टाकली होतीस. मी आणि प्राजक्ता भाड्याची गाडी करून निघालो. वाटेत धानाच्या कापणीची माणसं बांधावर बसून खात होती, त्यांचा मला हेवा वाटला. घरात शिरल्यावर मी रडले नाही. वहिनीला धरून पहिला प्रश्न विचारला, "कोणी आलं होतं काय?"

कुणी आलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर होतं. मी त्यांना बाजूला घेऊन पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. मी मानलं. तुझ्यासारख्याची बहीण आहे, कारणाशिवाय संशय घ्यायचा नाही एवढं तू शिकवलंस. पण छातीतली भीती डॉक्टरांचं ऐकत नव्हती, दादा. तुझ्या शेजारी बसूनही मी फाटकाकडंच बघत होते. नीट रडणंसुद्धा त्या धमक्यांनी हिरावलं माझं, याचं दुःख कुणाला सांगू?

विहारात पुण्यानुमोदन झालं. पुढं तुझ्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. हॉल भरला होता. कुणी सांगितलं, तू बेडकाचं हृदय दाखवताना आधी बेडकाची माफी मागायचास. कुणी सांगितलं, ग्रहणाच्या दिवशी तू मुद्दाम वर्गात बसून डबा खाल्लास आणि सगळ्यांना खायला लावलास. लोक हसत होते, डोळे पुसत होते. मीही हसले. तेवढ्यात दाराशी गाडी थांबली आणि अध्यक्षसाहेब आत आले. माणसं उठली, जागा झाली. त्यांनी तुझ्या फोटोला फुलं वाहिली आणि त्यांना बोलायला बोलावलं.

चांगलं बोलले. तुझी प्रामाणिक नजर, तुझा व्यासंग. आणि मग म्हणाले, "आमच्या घरची धूमकेतूच्या पुस्तकाची प्रत मास्तरांनी हातात घेऊन पाहिली. मला म्हणाले, साहेब, हीच पहिली आवृत्ती. मास्तरांचा तो शेवटचा निर्वाळा. प्रदर्शनात त्या पुस्तकापाशी आम्ही त्यांचं नाव लावणार आहोत."

टाळ्या वाजल्या. चांगल्या माणसांनीच वाजवल्या, तुझं नाव लागणार म्हणून.

प्राजक्ता माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, बसून राहा. दादा तर गेला, त्याला काय कळणार? हाच विचार मी बसस्टँडवर बोलले होते, आत्याबद्दल. पण आत्याला मी पाहिलं नव्हतं. तुझा फोटो समोर होता आणि तू कधी न उच्चारलेलं वाक्य तुझ्या तोंडात घालून टाळ्या घेतल्या जात होत्या. तुझंही शीर्षकाचं पान कापून भलत्याच पुस्तकाला चिकटवत होते ते.

मी उभी राहिले. उभी राहिले हे मला खुर्ची मागं पडल्याच्या आवाजावरून कळलं.

"साहेब, मी तिथं होती," मी म्हणाले. आवाज फार बारीक निघाला. कुणीतरी म्हणालं, जोरात बोला. "मी तिथं होती. दादा तसं म्हटला नाही. ती पहिली आवृत्ती नाही, असं म्हटला तो." मग मी किड्याच्या भोकाचं सांगितलं. मधेच शब्द हरवले, मी उलटसुलट सांगितलं, जाहिरातीचं आधी आणि पानाचं नंतर. तुझ्यासारखं नीट मांडता आलं नाही. पण सांगितलं.

अध्यक्षसाहेब तसेच हसले. "ताई दुःखात आहेत. आपण समजू शकतो. बसा ताई, पाणी द्या यांना."

कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवू लागलं. आणि तेव्हा प्राजक्ता उठली. मी तिचा हात ओढला, जोरात ओढला, बांगडीचा ओरखडा उठला तिला. तिनं हात सोडवून घेतला.

"साहेब," ती म्हणाली, "पुस्तक इथं आणता येईल का? सगळ्यांनाच पाहू द्या. भोक असेल तर दिसेल, नसेल तर आईचं चुकलं."

मागून तुझा एक जुना विद्यार्थी, आता भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान आहे त्याचं, तो म्हणाला, "हो, पाहाले काय हरकत आहे? सरांनी तं आम्हाले हेच शिकवलं." आणखी एकदोघं हो म्हणाले. फार नाही. अध्यक्षसाहेबांनी घड्याळ पाहिलं, पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतो म्हणाले आणि गेले.

सभेनंतर चहा होता. काही लोक आमच्याजवळ आले, बरं केलं म्हणाले, आवाज खाली ठेवून. बरेच जण कप घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात गेले. प्राजक्ताच्या कॉलेजातला एक जण तर कप तसाच ठेवून निघाला. मी त्यांना दोष देत नाही. मीही त्यांच्यातच असते, तू माझा भाऊ नसतास तर.

प्रदर्शन झालं. ते पुस्तक काचेच्या पेटीत होतं, मिटलेलं, आणि समोरच्या चिठ्ठीवर फक्त "दुर्मीळ ग्रंथ" लिहिलं होतं. आवृत्तीचा उल्लेख नव्हता, तुझं नाव नव्हतं. तानाआत्याचं प्रकरण होतं, हे त्यानं सिद्ध झालं नाही. नव्हतं, असंही कुणी म्हणू शकलं नाही. एवढंच मिळालं, दादा. त्यासाठी प्राजक्ताला पुढच्या सत्राला बोलावणं आलं नाही. ती भंडाऱ्यात एका खोलीत बारावीच्या पोरांना शिकवते आणि दुसऱ्या कॉलेजांत अर्ज करते. ती मला एका शब्दानं बोलली नाही. मामाच्या वरताण आहे पोरगी. मला ते आवडतं आणि त्याचीच भीती वाटते.

परवा मी वहिनीजवळ बसून तुझ्यावर रागावले होते. म्हणाले, "त्याले कशाचंच भेव नव्हतं वहिनी. म्हणून त्याले जमलं. माहं तं रक्त आटून राहिलं."

वहिनी शेंगा निवडत होती. ती थांबली. "कोण म्हणते भेव नव्हतं?"

मी तिच्याकडं पाहिलं.

"शेवटी शेवटी नदीवर फिराले जाणं सोडलं होतं त्यायनं. गुडघा दुखते म्हणे सगळ्यायले. गुडघ्याले काहीच नव्हतं. फोन वाजला का हात कापाले लागे. रात्री मले जेवताना म्हणत, प्राजक्ताचं काय होईन वो, माह्यापायी पोरगी उघड्यावर पडंन काय. अन् तुमचा फोन आला का..." वहिनीनं हातातली शेंग सुपात टाकली. मग म्हणाली, "तुमचा फोन आला का लगेच उचलत नव्हते. आधी पेलाभर पाणी पेत. घसा साफ करत. मंग हसतच बोलत. मी विचारलं एकदा, तं म्हणे, बेबी भित्री आहे, माह्या आवाजातलं भेव तिले समजंन."

वहिनीनं माझ्याकडं शेंगांची अर्धी रास सरकवली आणि आम्ही दोघी निवडत बसलो.

दादा, सगळं समजावून सांगायचास तू मला. पुस्तक मागच्या दारानं वाचायला शिकवलंस. मग हे एवढं का दडवलंस? मी फोनवर तुझं हसणं ऐकून जळत होते आणि पलीकडं तू हातात रिकामा पेला घेऊन उभा होतास. सांगायचं होतंस रे. दोघं मिळून भ्यालो असतो.